टेलरबाईंच्या मापाची सायकल

खोलीची किल्ली हातात देण्याआधी टेलरबाईंनी मला दारातच उभं केलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझा उजवा खांदा पाव इंच खाली हाय. पुस्तकाची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत जा."

मी तेव्हा कळमनुरीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला आले होते. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर माणूस, नाही घेतला तर कुणीच नाही. भाड्यानं खोली मागायला गेलं की लोक जात विचारतात, लग्न झालंय का विचारतात, घरात अंडं शिजतं का विचारतात. या तिन्ही प्रश्नांवर मी चांगलं दहा मिनिटांचं भाषण तयार करून आले होते. टेलरबाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. खांद्याचं सांगितलं आणि किल्ली दिली. माझं भाषण तसंच घशात राहिलं. खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला.

मी वाढले ते घर चळवळीच्या पत्रकांचं. भिंतीतल्या कोनाड्यात देव नव्हते, पत्रकांचे गठ्ठे होते: गुलाबी, पिवळे, हिरवे. मला अक्षरओळख झाली ती 'बंधू आणि भगिनींनो' या शब्दांवर. त्यामुळं साधं मीठ मागायचं असलं तरी मी आधी अन्याय काय झालाय ते सांगते, मग मीठ मागते. टेलरबाई हे सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि माझं बोलणं संपलं की विचारायच्या, "किती पायजे? चमचा का वाटी?"

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते कुणीच घेत नसे. सगळं गाव टेलरबाई म्हणायचं. मी मावशी म्हणायचे. वय सत्तावन्न, अंगानं शेलाट्या, उंची पाच फुटाला एक बोट कमी. गळ्यात टेप कायम. लग्नाला जाताना इतर बायका गळ्यात काय घालायचं याचा विचार करतात, या बाई मंगळसूत्रासारखा गळ्यातल्या टेपवर पदर घेऊन निघायच्या. एका लग्नात नवरदेवाच्या शेरवानीची बाही लांब झालेली त्यांना दिसली. भटजी मंगलाष्टकाच्या तयारीत, लोकांच्या हातात अक्षता, आणि या स्टेजवर चढून नवरदेवाला म्हणाल्या, "हात सरळ कर रे." चार टाके घातले, दोरा दातानं तोडला आणि खाली येऊन जागेवर बसल्या. फोटोत त्या नवऱ्याचं मनगट दिसतं ते टेलरबाईंमुळं.

'साधारण' हा शब्द त्यांच्या क्लासात बंद होता. एखादी पोरगी म्हणाली, "बाई, गळा साधारण एवढा," की लगेच, "साधारण म्हंजे किती बोटं?" रेडिमेड कपड्यांवर त्यांचा दात. "एम, एल, एक्सेल! माप हाय का हे? हे तर परीक्षेचे निकाल झाले." आणि फ्री साइज लिहिलेला गाऊन तर त्या दोन बोटांत धरून लांब करायच्या. "फ्री साइज म्हंजे कुणालाच न बसणारं." हे वाक्य मी चोरून कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये समतेवरच्या भाषणात वापरलं होतं. टाळ्या पडल्या. टेलरबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मी गाऊनबद्दल बोलत होते."

पण माझ्या मते त्यांच्या दुकानातली सगळ्यात मोठी गोष्ट होती आरशाच्या बाजूची पाटी. स्वतःच्या हातानं खडूनं लिहिलेली: 'शिवलेला कपडा पटला नाही तर उसवून मिळेल. भांडण करू नये.' गावात इतकी दुकानं, सगळीकडे विकलेला माल परत न घेण्याच्या धमक्या, आणि ही एक बाई लेखी कबूल करून बसलेली की माझं चुकू शकतं. अशी पाटी मी कुठल्या कचेरीत अजून पाहिलेली नाही. लावायला हवी.

सायकलीचा विषय निघाला तो क्लासामुळं.

दुकानाशिवाय टेलरबाई एक शिवणक्लास चालवायच्या. कळमनुरीपासून चार किलोमीटरवर एक लहान गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीच्या खोलीत सहा मशिनं आणि अकरा बायका. काही हिंदू घरातल्या, काही बौद्ध वस्तीतल्या, सगळ्या एका बाकावर बसून एकमेकींच्या शिलाया उसवणाऱ्या. टेलरबाईंचा पुतण्या त्यांना रोज मोटरसायकलवर नेऊन सोडायचा. तो नोकरीला पुण्याला गेला आणि क्लास बंद पडला. ऑटो भरल्याशिवाय निघत नाही, भरला की तीन वाजलेले असतात, आणि चारनंतर परत यायला काही नाही. बस त्या गावाच्या फाट्यावर थांबत नाही. टेलरबाई दोन आठवडे पायी गेल्या. उन्हाळ्याचे दिवस, आठ किलोमीटर जाऊनयेऊन. तिसऱ्या आठवड्यात पायाला फोड आले आणि जाणं थांबलं.

मग त्या गावच्या उपसरपंचांचा फोन आला. माणूस बोलायला मऊ. "बाई, नाइलाज हाय. खोली रिकामी पडून राहिली. खताच्या गोण्या ठेवायला मागून राहिले लोक. तुमी येत्या तिसऱ्या सोमवारी अकराच्या आत क्लास सुरू केला तर बराबर, न्हाईतर मी गोण्या टाकून घेतो."

मी पेटलेच. त्याच संध्याकाळी निवेदन लिहिलं: फाट्यावर बस थांबलीच पाहिजे. स्त्रियांचा रोजगार, राज्यघटना, सार्वजनिक वाहतूक, सगळं त्यात होतं. चार पानं झाली. टेलरबाईंनी पहिली सही केली, नावाखाली रेघ ओढली आणि पेन परत देत म्हणाल्या, "चांगलं लिव्हलं. बस येईल तवा येईल. सोमवार तर येऊनच राहिला."

दुसऱ्या दिवशी पुतण्याचा फोन. स्पीकर चालू होता, मी ऐकत होते.

"काकू, मी स्कूटी घेऊन पाठवतो."

"स्कूटी तू घेतली की ती तुझी. पेट्रोल सरलं की तुला फोन, बंद पडली की तुला फोन. मोटरसायकलवर तुझ्या मागं बसले काय आन् स्कूटीवर तुझ्या नावानं बसले काय, येकच झालं."

"मंग काय करता?"

"सायकल घेते."

पलीकडून हसू आलं. "काकू, वय किती तुमचं?"

"सायकलला वय कुठं लागते रे? पाय लागतात. चाळीस वर्षं झाले पायानं मशिन चालवून राहिले, आन् अजून हाय तिथंच हाय. आता जरा पुढं जाते."

फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "तुला येते का गं सायकल?"

मला येत नव्हती. माझे बाबा सायकलवरून गावोगाव पत्रकं वाटायचे, मी मागं कॅरिअरवर गठ्ठा धरून बसायचे. माझ्या स्वातंत्र्याची सगळी बातमी मी अशी मागं बसून वाचली. हे मी त्यांना सांगितलं नाही. नुसतं "नाही" म्हणाले.

"बोलता तर येते ना? चल मंग, भाव करायला."

बाजारपेठेत एक चाचा होते, सायकलवाले. दुकान लहान, पण छतापासून जमिनीपर्यंत सायकली टांगलेल्या. टेलरबाईंना ते आपा म्हणायचे. आपांना स्वतःसाठी सायकल हवी, आणि आपांना ती चालवता येत नाही, हे कळल्यावर ते क्षणभर टेकून उभे राहिले. मग एकदम व्यापारी झाले. एक चकचकीत सायकल पुढं ओढली. जाड टायर, पुढं मागं स्प्रिंगा, चाकाला तबकडीचे ब्रेक.

"आपा, एक्कीस गिअर है इसमें."

"येकवीस काहून?"

"चढाव पे आसानी होती ना."

"कळमनुरी ते माझा क्लास, चढ कुठं हाय? माझ्या मशिनला येकच टाका हाय, सरळ. त्याच्यावर घर चाललं." त्यांनी स्प्रिंग दाबून पाहिली. "आन् हे बिघडलं तर?"

"तो फिर नांदेड को..."

"न्हाई. ज्याची दुरुस्ती गावात न्हाई ते मला नको." मग त्यांनी सायकल दोन्ही हातांनी उचलायला घेतली. पुढचं चाक वर आलं, मागचं आलं नाही. "हिला घरात घ्यायला रोज येक माणूस लागेल. ठेव परत."

चाचांनी मान हलवली. खरं तर ते खूश झाल्यासारखे वाटले. कोपऱ्यातून त्यांनी दुसरी काढली. बसकी, मधली दांडी नसलेली, चोवीसच्या चाकाची, पुढं टोपली. रंग गुलाबी, त्यावर फुलपाखरं. "ये लो. सीधी, हलकी. गिअर नहीं, झंझट नहीं. पंक्चर कहीं बी निकल जाता. और आपा, मेरी बात सुनो. नया सीखनेवाले के दोनों पाँव जमीन पे पूरे टिकना. इतनाच देखो, बाकी सब छोड़ो."

शहाणा माणूस होता. त्या दुकानात त्या दिवशी एवढा एकच होता. कारण इथं मी मध्ये पडले.

मी म्हणाले की दांडी नसलेली सायकल ही बायकांना दुबळं समजणाऱ्या डोक्यातून आली आहे. पुरुषांना लोखंडी दांडी आणि बायकांना फुलपाखरं का? आपण इथं वस्तू निवडत नाही, बाजू निवडतोय. दुकानात पंक्चर काढायला आलेले दोघं काम थांबवून ऐकू लागले. चाचा म्हणाले, "मॅडम, फुलपाखरू निकाल देते, स्टिकर है वो."

टेलरबाई माझ्या भाषणानं हलल्या असं मला वाटलं होतं. त्या हलल्या नव्हत्या. त्या टेप काढून दुकानामागच्या पडद्याआड गेल्या होत्या. पँटीच्या आतल्या शिलाईचं माप घेतात तसं, त्यांनी स्वतःच्या पायाचं आतून माप घेतलं. बाहेर येऊन चाचांच्या पाठकोऱ्या कागदावर आकडा लिहिला. आणि त्याच्यापुढं अधिक दोन.

"ये दो क्या है आपा?"

"मार्जिन."

"सायकल में मार्जिन नहीं रखते."

"सगळ्यात ठेवतात. चाळीस वर्षांत ज्या कपड्याला मार्जिन न्हाई ठेवलं तो परत आला. जास्तीचं आत घेता येते. कमी पडलं तर काय जोडणार?"

"आपा, लोखंड है. आत कैसे लेंगे?"

पण त्या ऐकण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. एकेका सायकलीला टेप लावत फिरल्या. अधिक दोनच्या हिशोबात बसणारी सायकल दुकानात एकच निघाली: काळी, उंच, दांडीची, दूधवाले वापरतात तसली. माझं तत्त्व आणि टेलरबाईंचं माप आयुष्यात पहिल्यांदा एका वस्तूवर येऊन थांबलं होतं, त्यामुळं आम्ही दोघीही भलत्याच खूश झालो. चाचांनी सीट पार खाली घेतली, हवा भरली, आणि "या अल्ला" म्हणाले ते हळू म्हणाले.

टेलरबाईंनी सायकलला हळदकुंकू लावलं. स्वतःसाठी आयुष्यातली पहिली सलवार शिवली, तिला चार खिसे केले आणि दोन दिवस नुसत्या खिशात हात घालून फिरल्या. "पुरुष लोक एवढे निवांत का असतात ते आता कळलं," असं मला म्हणाल्या.

शिकायची जागा मार्केट यार्ड. पहाटे तिथं मोकळं असतं, आणि बाजूच्या ओट्यावरून सायकलवर चढता येतं. जमिनीवरून चढणं शक्यच नव्हतं. टेलरबाईंनी पहिल्या दिवशी पाय उचलून दांडीवरून पलीकडे टाकायचा प्रयत्न केला. पाय दांडीवर थांबला. त्या तशाच एका पायावर उभ्या राहून माझ्याकडे वळल्या.

"पोरी, तुझी समता लई उंच हाय. माझी टांग पोचंना तिथवर."

मग ओट्यावरून चढल्या. मी मागून धरलं. चार दिवस मी धरायचे आणि त्या ओरडायच्या. पाय जमिनीला लागत नव्हते, चवडेही नाहीत. सायकल कलली की टेकायला खाली काही नाही, नुसती हवा. म्हणून त्या घट्ट व्हायच्या, घट्ट झाल्या की हँडल ताठ, आणि हँडल ताठ झालं की पडायच्या. पाचव्या दिवशी मी धाप लागून मागं राहिले आणि सायकल त्यांना घेऊन थेट हळदीच्या ढिगाकडे निघाली. कुणा शेतकऱ्यानं लिलावासाठी रात्री टाकून ठेवलेली हळद. ब्रेक होते, पण ब्रेक दाबायला हात मोकळे पाहिजेत. त्यांचे दोन्ही हात देवाला जोडल्यासारखे हँडलला चिकटले होते.

ढिगाचा मालक गोणपाटावर झोपला होता, तो उठून बसला. टेलरबाई पायापासून कपाळापर्यंत पिवळ्या.

"टेलरबाई, हळद लागली का?" त्यानं विचारलं.

"लागली," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "नवरदेव तिकडं पडला हाय, बघ बरं चाक वाकडं झालं का त्याचं."

हसल्या, पण गुडघा सोलला होता. घरी येऊन पाय पाटावर ठेवून बसल्या तेव्हा पहिल्यांदा मला त्या सत्तावन्न वर्षांच्या दिसल्या. सोमवारला नऊ दिवस राहिले होते. त्या गावातून एका बाईचा फोन येऊन गेला होता: ग्रामपंचायतीचा माणूस खोलीचं माप घेऊन गेला, किती गोण्या बसतात ते बघायला.

"दुसऱ्यानं माझ्या खोलीचं माप घेतलं," टेलरबाई म्हणाल्या. गोण्यांचं त्यांना नव्हतं तेवढं दुःख या गोष्टीचं झालेलं दिसलं.

मी म्हणाले, "मावशी, आपण ग्रामपंचायतीसमोर बसू. धरणं."

"बसून बसूनच तर आयुष्य गेलं गं." गुडघ्यावरचा कापूस त्यांनी दाबला. मग म्हणाल्या, "माझं चुकलं. वाढत्या पोराच्या कपड्याला मार्जिन ठेवतात. मी आता कुठं वाढणार?"

आणि थोड्या वेळानं, "तुझंबी चुकलं. पण तू अजून वाढशील."

धरण्याचं पत्रक लिहायला काढलेला कागद मी कोराच परत ठेवला. त्यांच्याकडे राहिले त्या दोन वर्षांत हे एकदाच झालं.

त्याच दिवशी दुपारी आम्ही काळी सायकल ढकलत चाचांच्या दुकानात गेलो. त्यांच्या दारावर मोठी पाटी: 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' चाचांनी सायकलीकडे पाहिलं. पॅडलवर माती, हँडलवर कुंकू, सीटखाली हळद.

"आपा, पूजा की हुई सायकल कौन लेगा?"

"चाचा, तुमच्या लेकीच्या लग्नात सोळा कुर्ते शिवले. आठवते का?"

"हव."

"त्यातला तिचा निकाहचा कुर्ता किती डाव उसवला?"

चाचांनी खाली बघून घेतलं. "तीन बार."

"तुमची बेगम चारदा म्हणते. मी काही म्हणले का?"

"नहीं."

"तुमची पाटी तुमच्या दुकानाला बराबर हाय. पण मी तर तुमचं माझ्या पाटीनं केलं ना?"

दुकानातला पंक्चर काढणारा पोऱ्या गालात हसत होता, चाचा त्याच्यावर खेकसले, "काम कर." मग स्वतः उठून गुलाबी सायकल बाहेर काढली. मी ती पाहून तोंड उघडलं. टेलरबाईंनी नुसता हात वर केला आणि मी ते मिटलं. त्या सीटवर बसल्या. दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकली, टाचांसकट. त्यांनी पावलं उचलून परत टेकवली, परत उचलली, परत टेकवली. एखादं लेकरू चिखलात करतं तसं.

"फुलपाखरू निकाल दूँ?" चाचांनी विचारलं.

"राहू द्या. त्यांनी काय केलंय?"

मग त्या उतरल्या आणि पॅडलकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे दोन्ही काढा."

"आता ये क्या नया?"

"मशिन मारायच्या आधी मी कच्चा टाका घालते. कपडा हातात बसला पायजे आधी. पॅडल हाय तर पाय तिकडं पळतात, माझं सगळं ध्यान पायात जाते. आधी नुसतं हिच्यावर बसून जमिनीला पाय मारत चालते. तोल आला की पॅडल लावा."

चाचा पाना घेऊन खाली बसले. "बच्चों को ऐसेइच सिखाते आपा," ते म्हणाले. "मैं बोलनेवाला था, तुमी बोलने देतेच नहीं."

आठवडाभर पहाटे मार्केट यार्डात एक बाई बिनपॅडलच्या गुलाबी सायकलवर बदकासारखी पाय मारत फिरताना लोकांनी पाहिली. हमाल थांबून बघायचे. कुणी म्हणायचं, "टेलरबाई, पॅडल कुणी चोरलं?" त्या म्हणायच्या, "दुकानात शिवायला टाकलं." तिसऱ्या दिवशी पाय मारल्यानंतर दोन्ही पावलं उचलून त्या ओट्यापासून झाडापर्यंत गेल्या. पाचव्या दिवशी पॅडल लागलं. सहाव्या दिवशी त्या सरळ जाऊ लागल्या, थांबू लागल्या. शनिवार उजाडला तेव्हा एवढंच राहिलं होतं की त्यांना वळता येत नव्हतं.

अजिबात. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. हँडल थोडंही फिरवलं की उतरायच्या.

"सोमवारी काय करता?" मी विचारलं.

"रस्त्याला वळण किती हायत?"

मी मनात मोजलं. "दोन."

"दोन डाव उतरते मंग."

सोमवारी सकाळी दहाला त्या निघाल्या. चार खिशांची सलवार, पदराऐवजी ओढणी गाठ मारून, टोपलीत कात्री, खडू आणि डबा. मागं चाचांची जुनी स्कूटर, चाचा पंप घेऊन, मी त्यांच्या मागं. नांदेड रोडवरून क्लासच्या गावाचा रस्ता उजवीकडे फुटतो. टेलरबाई फाट्यापर्यंत बाणासारख्या सरळ गेल्या, ब्रेक दाबून थांबल्या, उतरल्या, सायकल उचलली, उजवीकडे तोंड करून ठेवली. मागून एक ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"ओ मावशी, हे काय करून राहिल्या?"

"वळून राहिले. दिसंना का?"

तो बघत राहिला. मग त्यानं हात बाहेर काढून मागच्या गाड्या थांबवल्या. टेलरबाई दोन्ही बाजूंना बघून रस्त्यापलीकडे चालत गेल्या, परत बसल्या, दोनदा पाय मारले आणि निघाल्या. माझ्या पुढ्यात चाचा काहीतरी पुटपुटत होते. मी विचारलं, दुवा का? ते म्हणाले, "नहीं, चेन में तेल डालना भूल गया."

गाव दिसलं तेव्हा अकराला दहा मिनिटं होती. दुसऱ्या वळणावर त्या परत उतरल्या आणि तिथूनच आम्हाला ग्रामपंचायतीसमोरचा ट्रॅक्टर दिसला. ट्रॉलीत गोण्या. उपसरपंच हातात किल्ली घेऊन उभे, ड्रायव्हर मागचं फळकूट खोलत होता. पारावर अकराही बायका बसलेल्या, डोक्यावर पदर घेऊन, सुतकात बसल्यासारख्या.

पहिल्यांदा त्यांनी चाचांची स्कूटर पाहिली. मग स्कूटरच्या पुढं काय येतंय ते पाहिलं. एकजण उठून उभी राहिली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. टेलरबाई सरळ आल्या, घाम टपकत होता, तोंड लाल. ट्रॅक्टरला वळसा घालता येणं शक्य नव्हतं, म्हणून ट्रॅक्टरसमोरच ब्रेक दाबला. दोन्ही पावलं जमिनीवर टेकली.

"किती वाजले?" त्यांनी उपसरपंचांना विचारलं.

त्यांनी मोबाइल पाहिला. "अकराला सहा कमी."

"कुलूप उघडा मंग. मशिनावर धूळ बसली असंल."

उपसरपंचांनी गोण्यांकडे पाहिलं, टेलरबाईंकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता, पण गोण्या कुणाच्या तरी आल्या होत्या आणि त्या मालकालाही शब्द दिलेला होता. "बाई, आज आल्या. उद्या येताल का? रोज जमंल का तुमाला? खरं सांगा." माझी जीभ वळवळली. उत्तर माझ्याकडे तयार होतं, चार पानांचं.

पण टेलरबाईंनी उत्तर द्यायच्या आधीच अकरा बायका सायकलीभोवती गोळा झाल्या होत्या. कुणी घंटी वाजवत होती, कुणी टोपलीत हात घालत होती. "बाई, कितीला पडली?" "बाई, पडल्या का तुमी?" "बाई, मी बसून पाहू का?" त्यातली एक, हिरव्या पातळातली, बाकीच्यांना ढकलून पुढं आली, कासोट्यासारखा पदर खोचला आणि सीटवर बसली. तिचे पाय टेकले. तिनं मान वर करून इकडंतिकडं पाहिलं आणि उपसरपंचांना म्हणाली, "आहो, बघत काय उभे? मागून धरा की."

ती त्यांची बायको होती. इतका वेळ मला कुणी हे सांगितलंच नव्हतं.

"आगं, लोकं बघून राहिले," उपसरपंच म्हणाले.

"बघू द्या. धरा."

त्यांनी किल्ली दातात धरली आणि कॅरिअर पकडलं. ती निघाली. ते मागून पळू लागले, धोतरवजा लुंगी एका बाजूनं सुटत, चप्पल एक मागं राहिली. बाकीच्या दहा बायका ओरडत पळत, टेलरबाई मधोमध उभ्या राहून, "हँडल ढिलं सोड! पुढं बघ, चाकाकडं नको!" पारावरच्या म्हाताऱ्यांनी पाय वर घेतले. चाचा पंप घेऊन पळत होते, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं.

ट्रॅक्टरचा ड्रायव्हर अजून फळकूट धरून उभा होता. त्यानं ओरडून विचारलं, "सरपंच, गोण्या कुठं उतरवू?"

उपसरपंचांच्या दातात किल्ली होती, हात दोन्ही कॅरिअरला गुंतलेले. सोडलं तर बायको पडली असती. त्यांनी पळता पळता हनुवटीनंच रस्त्याकडे खूण केली: परत ने.